पेलेट स्टोव्ह : हवा, राख आणि निगा

पेलेट स्टोव्ह म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्या जाळून घर उबदार ठेवणारी, विजेवर चालणारी शेगडी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेच्या वायव्य भागात लाकूडगिरण्यांत साचणाऱ्या भुशाचे काय करायचे, हा जुना प्रश्न आणि महागलेल्या तेलाला पर्याय शोधण्याची नवी निकड एकत्र आली. त्यातून भुशाच्या कांड्या जळण म्हणून बाजारात आल्या. सुरुवातीला त्या मोठ्या बॉयलरमध्ये जळत. घरात ठेवता येईल असा स्टोव्ह १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातील जेरी व्हिटफील्ड या विमान-अभियंत्याने विकसित केला. आज ओरेगनपासून न्यू इंग्लंडपर्यंत आणि युरोपात विशेषतः इटलीत तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. अमेरिकेच्या थंड भागात जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही तो कधी कधी घरासोबत आयता मिळतो, बहुधा माहितीपुस्तिकेशिवाय.

स्टोव्हच्या वरच्या किंवा मागच्या बाजूला पेलेट ओतायची टाकी असते. तिला हॉपर म्हणतात. हॉपरच्या तळाशी ऑगर नावाचा मळसूत्री दांडा असतो. एक छोटी मोटर तो थांबत थांबत, अगदी संथपणे फिरवते आणि थोडे थोडे पेलेट जळणाच्या लोखंडी वाटीत येऊन पडतात. या वाटीला तळाशी आणि कडांना भोके असतात. एक पंखा धूर ओढून नळकांड्यावाटे घराबाहेर टाकतो. त्याच्या ओढीने स्टोव्हच्या पोटातला दाब खोलीतल्या दाबापेक्षा कमी होतो आणि ताजी हवा वाटीच्या भोकांतून वर येते. दुसरा पंखा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांमधून फिरवून परत खोलीत सोडतो. या दोन हवा एकमेकींत कधीही मिसळत नाहीत. जाळ पेटवण्याचे काम बहुतेक मॉडेलांत सुमारे ३०० वॅटचा तापणारा दांडा, म्हणजे इग्नायटर करतो. एकदा पेट घेतला की तो बंद होतो आणि पुढे पंखे व मोटर यांना मिळून साधारण १०० वॅट वीज पुरते.

या सगळ्यावर काही स्विच पहारा देतात. दाबाचा स्विच स्टोव्हच्या पोटात पुरेशी ओढ आहे ना, हे पाहतो आणि ओढ कमी झाली की पेलेट येणे थांबवतो. उष्णतेचा एक सेन्सर जाळ खरोखर लागला आहे की नाही हे तपासतो, दुसरा स्टोव्ह प्रमाणाबाहेर तापला तर तो बंद करतो. स्टोव्ह ‘बंद पडला’ असे म्हटले जाते तेव्हा पुष्कळदा तो बिघडलेला नसतो. यांपैकी एखाद्या पहारेकऱ्याने त्याला मुद्दाम थांबवलेले असते. लाकडाची साधी शेगडी धुराड्याच्या नैसर्गिक ओढीवर जळते, हा स्टोव्ह मात्र पंख्याने ओढलेल्या हवेवर जगतो. त्या हवेच्या वाटेत कुठेही राख साचली तरी लक्षणे निरनिराळी दिसतात आणि घरमालक महागडा कंट्रोल बोर्ड बदलायला निघतो. आधी सफाई आणि मग सुटे भाग, हा क्रम पाळला तर बराच खर्च वाचतो.

निगा सुरू होते ती जळणापासून. चांगला पेलेट गुळगुळीत, चकचकीत आणि साधारण ६ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात गोंद नसतो. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलेच लिग्निन मऊ होऊन भुसा बांधून ठेवते. युरोपात ‘ईएन-प्लस’ या प्रमाणपत्राच्या ए-१ प्रतीत राख ०.७ टक्क्यांहून अधिक चालत नाही, ए-२ प्रतीत १.२ टक्क्यांपर्यंत चालते. फरक किरकोळ वाटतो, पण टनामागे एकीकडे ७ किलो राख आणि दुसरीकडे १२ किलो. शिवाय राखेचे प्रमाण जितके महत्त्वाचे, तितकाच तिचा प्रकार. साल, माती किंवा शेतातला काडीकचरा मिसळला असेल तर सिलिका आणि पोटॅशियम वाढते, राख कमी तापमानालाच वितळते आणि वाटीत तिचा काचेसारखा खंगर बनतो. महाराष्ट्रात सोयाबीनचे कुटार, पऱ्हाट्या, बगॅस यांपासून होणारे जळण कारखान्यांच्या बॉयलरमध्ये चालते, कारण तिथे राख काढण्याची व्यवस्था त्या बेताची असते. घरगुती स्टोव्हच्या चिमुकल्या वाटीला ते झेपत नाही.

पेलेटमधला ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा. पावसात भिजलेला पेलेट फुगून पुन्हा भुसा होतो आणि तो ऑगरमध्ये वाळला तर छिन्नीनेच फोडावा लागतो. म्हणून पिशव्या जमिनीवर न ठेवता फळीवर, कोरड्या जागी रचतात. अमेरिकेत पिशवी ४० पौंडांची म्हणजे सुमारे १८ किलोची असते, युरोपात १५ किलोची. पिशवीच्या तळाशी उरलेला चुरा हॉपरमध्ये झटकू नये. तो ऑगरभोवती दडपून बसतो. पेलेट पिशव्यांऐवजी ढिगाने साठवले असतील तर आणखी एक धोका असतो. लाकडातील तेलकट घटकांचा हवेशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू तयार होतो. २००६ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेटने भरलेल्या जहाजावर याच वायूने माणूस दगावला. त्यामुळे बंद कोठारात आधी हवा खेळवल्याशिवाय उतरू नये.

रोजची सफाई पाच मिनिटांची असते. स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर वाटी खरवडायची, खंगर काढायचा आणि भोके तारेने मोकळी करायची. वाटी परत बसवताना ती चपखल बसली पाहिजे. खाली राखेचा एक खडा जरी राहिला तरी हवा भोकांतून न येता कडेच्या फटीतून पळते. काचेवरचा फिकट करडा थर ओल्या कागदाने निघतो. तापलेल्या काचेला मात्र ओले काही लावू नये. नळ्यांवरची राख झटकणारा दांडा असेल तर तो रोज दोन-चार वेळा ओढावा, कारण राखेचा पातळ थरही उष्णता खोलीत येऊ देत नाही.

आठवड्यातून एकदा राखेचा ट्रे रिकामा करून पोट व्हॅक्यूमने साफ करतात. इथे घरातला साधा व्हॅक्यूम वापरणे धोक्याचे आहे. राखेतला निखारा दोन-तीन दिवसही धुमसत राहू शकतो आणि तो कागदी पिशवीत गेला की व्हॅक्यूमच पेट घेतो. धातूच्या डब्याचा, राखेसाठीच बनवलेला व्हॅक्यूम मिळतो. काढलेली राख घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर फरशीवर किंवा मातीवर ठेवावी. लाकडी ओट्यावर ठेवलेल्या राखेने घरे पेटली आहेत.

साधारण टनभर पेलेट जळाल्यावर जरा खोल सफाई लागते, आणि नेमकी हीच टाळली जाते, कारण घाण डोळ्यांना दिसत नाही. जाळामागच्या पाट्या काढल्या की त्यांच्या मागे धुराच्या वाटा दिसतात. पिठासारखी उडती राख तिथेच साचते. तिथून ती धूर ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर बसते आणि पंखा फिरत असूनही ओढ कमी होते. नळकांड्याच्या वळणावर राख काढण्यासाठी झाकण असते, तेही उघडायचे. वर्षातून एकदा संपूर्ण नळकांडे ब्रशने घासणे आणि तपासणे आवश्यक असते. अमेरिकेत अनेकजण पाने उडवण्याच्या यंत्राचे ओढीचे तोंड नळकांड्याच्या बाहेरच्या टोकाला लावून वर्षाची राख एका दमात खेचून काढतात. उपाय गुणकारी आहे, पण त्यासाठी स्टोव्ह निदान दोन-तीन दिवस बंद असावा, दाबाच्या स्विचची नळी आधी काढून ठेवावी आणि शेजाऱ्याचे वाळत घातलेले कपडे कुठे आहेत तेही पाहून घ्यावे.

दाराची काचतंतूंची दोरी, म्हणजे गॅस्केट, तपासायला कागदाचा कपटा पुरतो. तो दारात धरून दार बंद करायचे आणि ओढायचा. सहज निसटला तर तिथे फट आहे. नवी दोरी बसवताना ताणू नये. ताणली तर पातळ होऊन पुन्हा फट पडते.

बिघाड ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे जाळ स्वतः. निरोगी जाळ पिवळा, तेजस्वी आणि चपळ असतो. वाटीतले पेलेट किंचित नाचताना दिसतात. जाळ उंच, नारिंगी, आळसावलेला असेल, टोकाला काजळी असेल आणि काच काही तासांत काळी पडत असेल तर हवा कमी पडते आहे. मग वाटीची भोके, वाटीची बैठक, दाराची गॅस्केट, पाट्यांमागची राख, नळकांडे आणि बाहेरून हवा घेणाऱ्या नळीची जाळी या क्रमाने तपासत जायचे. त्या जाळीत वाळकी पाने अडकतात, कोळीही घर करतात. घर फार घट्ट बांधलेले असेल आणि स्टोव्ह खोलीतलीच हवा घेत असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅनही त्याच्या तोंडची हवा पळवू शकतो.

पेलेट पडतात पण पेटत नाहीत, अशी तक्रार असेल तर इग्नायटरसमोरचे भोक राखेने बुजले आहे का ते आधी पाहावे. ते मोकळे असेल तर प्लग काढून मल्टिमीटरने इग्नायटरचा रोध मोजता येतो. १२० व्होल्टच्या अमेरिकी विजेवर ३०० वॅटच्या दांड्याचा रोध साधारण ४८ ओहम भरतो. मीटर खंडित सर्किट दाखवत असेल तर दांडा जळालेला आहे. तो बदलेपर्यंत हाताने पेटवता येणाऱ्या मॉडेलांत त्यासाठी मिळणारी जेल चालते. रॉकेल किंवा पेट्रोल कधीही नाही. पेटण्याचा प्रयत्न फसल्यावर वाटी रिकामी न करता पुन्हा बटण दाबणे, ही सर्वांत धोकादायक सवय आहे. दुप्पट पेलेट धुमसतात, पोटात धुराचा वायू कोंडतो आणि एकदम भडका उडून काच फुटू शकते.

पेलेट पडतच नसतील तर हॉपरमध्ये डोकवावे. कधी वर ढीग दिसतो, पण खाली पोकळी होऊन कमान बनलेली असते. ती काठीने मोडली की झाले. झाकणाचा स्विच नीट दबत नसेल तरीही ऑगर थांबतो. मोटर गुणगुणते पण दांडा फिरत नाही, तेव्हा लांब पेलेट, खिळा किंवा ओला भुसा अडकलेला असतो. मोटर अजिबात आवाज करत नसेल तर संशय दाबाच्या स्विचवर किंवा जास्त तापल्याने सुटलेल्या स्विचवर जातो. दाबाच्या स्विचची रबरी नळी स्विचपासून सोडवून मोकळी करावी. स्विचमध्ये फुंकर मारली तर त्याचा नाजूक पडदा फाटतो. तंत्रज्ञ तपासणीपुरता हा स्विच वगळून पाहतात. तो तसाच वगळून स्टोव्ह चालवणे म्हणजे नळकांडे तुंबले असतानाही जाळाला जळण पुरवत राहणे.

स्टोव्ह पेटतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप विझतो, तेव्हा जाळाची खात्री करणाऱ्या सेन्सरला पुरेशी ऊब पोहोचत नसते. त्यावर राख चढलेली असते किंवा पेलेट फार कमी येत असतात. दीड-दोन तास चालून थांबणारा स्टोव्ह बहुधा जास्त तापतो. मग खोलीच्या हवेचा पंखा पाहावा. कुत्र्या-मांजरांच्या केसांनी आणि धुळीने त्याची पाती जड होतात.

खोलीत धुराचा वास येत असेल तर मामला गंभीर समजावा. धूर ओढणाऱ्या पंख्याच्या पुढचे नळकांडे दाबाखाली असते. साध्या धुराड्याचा सांधा सैल असेल तर हवा आत ओढली जाते. इथे मात्र धूर बाहेर फेकला जातो. त्यामुळे प्रत्येक सांधा उष्णतेला टिकणाऱ्या सिलिकॉनने बंद असला पाहिजे आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. वीज गेली की दोन्ही पंखे थांबतात आणि वाटीतला धूर कोंडतो. अशा वेळी दार उघडू नये. नळकांड्याचा काही भाग उभा वर नेलेला असेल तर उरलेला धूर आपणच निघून जातो. वारंवार वीज जाणाऱ्या भागात शुद्ध साइन लाटेची वीज देणारा यूपीएस जोडतात. स्वस्त यूपीएसवर मोटारी घरघरतात.

हिवाळा संपल्यावर स्टोव्ह तसाच सोडून दिला तर उन्हाळ्यातली दमट हवा राखेत मुरते आणि पत्रा गंजतो. म्हणून शेवटच्या जाळानंतर हॉपर आणि ऑगर रिकामे होईपर्यंत पेलेट जाळून संपवतात, पूर्ण सफाई करतात, विजेचा प्लग काढतात आणि पक्ष्यांनी घरटे करू नये म्हणून नळकांड्याचे बाहेरचे तोंड झाकतात. झाकणाची आठवण म्हणून स्टोव्हच्या बटणांवर चिठ्ठी चिकटवावी. शरद ऋतूत ते झाकण काढून तासभर चाचणी घेतली की सुटा भाग मागवायला वेळ मिळतो; हिमवर्षाव सुरू झाल्यावर दुरुस्ती करणाऱ्यांकडे रांग लागलेली असते.