पदवीधर मित्रासोबत तापीकाठी

उत्तर महाराष्ट्रात पदवीच्या शेवटच्या वर्षाचे निकाल बहुधा पावसाच्या तोंडावर किंवा भर पावसात लागतात. पदवीदान समारंभ मागाहून होतो, पण मित्रमंडळी तोवर थांबत नाहीत. पहिला मोकळा शनिवार-रविवार साधून सहल ठरते. नंदुरबार जिल्ह्यात या आनंदाला विशेष वजन आहे. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. त्यामुळे इथला पदवीधर बरेचदा घरातला पहिलाच असतो आणि त्याची पदवी साऱ्या गल्लीची होते.

आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी १९९०मध्ये जळगावला विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी इथल्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या असत. २०१८मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. स्वतः लिहू-वाचू न शकलेल्या शेतकरी बाईचे नाव पदवीच्या कागदावर असावे, याहून समर्पक काही सुचणे कठीण. संसार, शेती किंवा नोकरी सांभाळून उशिरा शिकणाऱ्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. ते १९८९पासून चालू आहे. तिशी-चाळिशीत पदवी घेणाऱ्या जुन्या मित्राचा सत्कार तर आवर्जून करावा. त्याने दिवसभर राबून रात्री अभ्यास केलेला असतो.

दोन दिवसांच्या सहलीला सारंगखेडा सोयीचे ठिकाण आहे. शहादा तालुक्यातले हे गाव तापीकाठी, दोंडाईचा-शहादा रस्त्यावर वसले आहे. दोंडाईचा हे सुरत-भुसावळ मार्गावरचे जवळचे स्टेशन. मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा घोडेबाजारामुळे गावात पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात मात्र दर्शन निवांत होते.

शनिवार तोरणमाळसाठी ठेवावा. शहाद्याहून म्हसावदमार्गे सातपुड्यात शिरणारा हा रस्ता सुमारे ५५ किलोमीटरचा आहे. पठाराची उंची हजार मीटरच्या वर असल्याने खाली उकडत असतानाही वर धुके उतरलेले असते. यशवंत तलाव, सीताखाईची दरी आणि गोरखनाथाचे मंदिर एका दिवसात सहज पाहून होते. घाटात दरडीचा धोका असतो, म्हणून अंधार पडण्याआधी खाली उतरावे.

रविवारी तापी पाहावी. मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. सारंगखेड्याला आभाळ कोरडे असले तरी तिला पूर येऊ शकतो आणि पाहुण्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच. बैतूलकडे तापीच्या, तर अमरावती, अकोला, बुलढाण्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात मोठा पाऊस झाला की ते पाणी भुसावळजवळच्या हतनूर धरणात येते. तिथले दरवाजे उघडले की ते सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा या बॅरेजमधून क्रमाने पुढे उकाई धरणाकडे जाते. बॅरेजचे काम पाणी काठोकाठ अडवण्याचे असते, महापूर पोटात साठवण्याचे नाही. म्हणून पूर आला की इथलेही दरवाजे उघडावेच लागतात. लालसर गढूळ लोट पुलावरून पाहण्यात जी भव्यता आहे, ती पात्रात उतरून मिळत नाही. पात्रात उतरणाऱ्याला पाणी वाढल्याचे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

परतताना वेळ उरल्यास गोमाई आणि तापीच्या संगमावरचे प्रकाशा गाठावे. केदारेश्वराच्या या तीर्थाला दक्षिणकाशी म्हणतात. जेवणाला गरम शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि ठेचा असला की खानदेशी माणसाला आणखी काही लागत नाही. पेढे शहाद्यातच घेऊन ठेवावेत.

निघण्याच्या दिवशी सकाळी हतनूरचा विसर्ग आणि घाटाची स्थिती विचारून घ्यावी. नदीकाठी सावधानतेचा इशारा असेल तर सहल पुढच्या आठवड्यावर ढकलावी. पाऊस सप्टेंबरपर्यंत असतोच.