ग्राफवर पळणारी गाडी

रोलरवर पट्ट्यांनी बांधलेली गाडी, कानठळ्या बसवणारा आवाज आणि शेवटी स्क्रीनवर झपकन वर जाणारी लाल रेघ. ‘रीमॅप करा, पॉवर वाढवा!’ असं एखादं रील तुम्हीही पाहिलं असणारच. मित्रांच्या ग्रुपवर टाकलंही असेल. पण साठवलेल्या पैशांचा हिशेब मनात सुरू झाला असेल, तर जरा थांबा. आधी तो ग्राफ नीट वाचू या.

डायनो म्हणजे डायनॅमोमीटर. गाडीची चाकं रोलर फिरवतात, त्यावरून टॉर्क कळतो आणि टॉर्क व आरपीएम यांच्या गुणाकारातून पॉवर निघते. मशीन बिचारं प्रामाणिक असू शकतं. गडबड होते ती आकडे मांडताना.

पहिली मेख उभ्या अक्षात असते. समजा, पॉवर 102 वरून 108 झाली. वाढ सहा टक्क्यांपेक्षाही कमी. पण अक्ष शून्याऐवजी 100 पासून सुरू करून 110 वर संपवला, की दुसरी रेघ पहिलीच्या चौपट उंच दिसते! बारावीत ग्राफ काढताना ‘स्केल’ लिहिलं नाही म्हणून मार्क कापले गेले होते ना? ते उगाच नव्हतं.

दुसरी मेख हवेची. गरम हवा विरळ असते, म्हणून इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो. ‘आधी’ची टेस्ट भर दुपारी आणि ‘नंतर’ची गार सकाळी घेतली, तर काहीही न करता आकडा वाढू शकतो. हा फरक भरून काढायला ‘करेक्शन फॅक्टर’ असतो. पण त्यातही प्रकार आहेत. ‘एसटीडी’ नावाच्या पद्धतीचा आकडा ‘एसएई’पेक्षा साधारण चार टक्के जास्त येतो. म्हणजे आधीचा एसएईमध्ये आणि नंतरचा एसटीडीमध्ये छापला, की शंभराचे एकशे चार. पाना हातात न घेता!

तिसरी मेख चाकं की इंजिन ही. कंपनी सांगते ती पॉवर इंजिनाची. चाकांपर्यंत येताना गिअरबॉक्स, शाफ्ट, टायर यांत काही वाया जाते. रोलर फक्त चाकांवरची पॉवर मोजतो. इंजिनाचा आकडा अंदाजे टक्केवारी मिळवून काढतात. ही टक्केवारी वाढवली, की इंजिनही ‘वाढतं’.

पण म्हणून डायनोला भामटा ठरवू नका. 1999 मध्ये अमेरिकेत फोर्डने मस्टँग कोब्राची पॉवर 320 हॉर्सपॉवर असल्याचं जाहीर केलं. मालकांनी गाड्या डायनोवर चढवल्या, तर आकडे जुळेनात. शेवटी फोर्डला विक्री थांबवावी लागली आणि विकलेल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करून द्याव्या लागल्या. ज्या यंत्राने एखादा दुकानदार तुम्हाला गंडवू शकतो, त्याच यंत्राने ग्राहकांनी एवढ्या बड्या कंपनीला जाब विचारला. फरक एवढाच, की त्यांना आकडे वाचता येत होते.

तेव्हा पैसे काढण्याआधी हे विचारा:

● दोन्ही टेस्ट एकाच डायनोवर, एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये झाल्या का?
● करेक्शन कोणतं? दोन्हीकडे तेच आहे का?
● आकडा चाकांवरचा की इंजिनाचा?
● एकच रन दाखवताय की तीन-चार? सगळ्यांत चांगला तेवढाच निवडला नाही ना?
● फक्त सर्वोच्च आकडा नको. रोज गाडी चालते त्या दोन-तीन हजार आरपीएमला काय फरक पडला?
● वॉरंटीचं काय?

उत्तरं सरळ मिळाली तर पुढचा विचार करा. समोरचा ‘अरे, चालवून बघ, फील येईल’ म्हणाला, तर हसून चावी खिशात टाका. शेवटी गाडी रस्त्यावर पळायची आहे, ग्राफवर नाही.