रुळांच्या अलीकडे, रुळांच्या पलीकडे

डहाणू रोड स्टेशनात गाडी थांबली की उतरणाऱ्या माणसापुढे दोन वाटा असतात. पश्चिमेची वाट धरली तर चिकूच्या वाड्या, सुरूची बने आणि समुद्र. पूर्वेची धरली तर भातखाचरे, डोंगर आणि त्यांच्या कुशीत विखुरलेले वारल्यांचे पाडे. जुनी माणसे या दोहोंना बंदरपट्टी आणि जंगलपट्टी म्हणतात. दोहोंच्या मधून आगगाडीचे रूळ जातात.

मी डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत मिळून तीस वर्षे शिक्षिकेची नोकरी केली. दोन्ही पट्ट्यांतली मुले माझ्या वर्गात होती. त्यांचे आईबाप एकमेकांशी रोज बोलत. मजुरीचा हिशेब, दुकानातली उधारी, "उद्या दोन माणसे जास्त पाठव" असा निरोप, हे सारे बोलणे चाले. फक्त दोघांच्या मध्ये जे होते त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे.

वंशभेद म्हटला की आपल्याला अमेरिका आठवते, दक्षिण आफ्रिका आठवते. आपल्याकडे काय तो जातिभेद, काळे-गोरे आपण मानीत नाही, अशी आपली समजूत. ती तपासून पाहायची असेल तर वधूवरांच्या जाहिराती वाचाव्यात; नाहीतर बंदरपट्टीतल्या शाळेत मधल्या सुट्टीत मुलांची भांडणे ऐकावीत. मुले भांडताना आईबापांचे शब्द वापरतात. "काळ्या", "जंगली", "कातकऱ्या" या शिव्या पहिलीतल्या मुलाला कोण शिकवते? पुस्तकात तर त्या नसतात.

वंश ही वस्तू निसर्गात शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. १९५० साली युनेस्कोने जगातले शास्त्रज्ञ जमवून निवेदन काढले. वंश हे जीवशास्त्रातले सत्य कमी आणि समाजाने रचलेले मिथक जास्त, असा त्याचा आशय होता. परंतु मिथक म्हणून कळले तरी शिवी लागायची ती लागतेच. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले होते. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख "अमेरिकेतून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य" अशी करून दिली. किंग यांना प्रथम धक्का बसला. मग आपल्या बांधवांची स्थिती डोळ्यांपुढे आणून त्यांनी मनाशी म्हटले, खरेच की, मी अस्पृश्यच आहे. १९६५ साली अटलांटामधल्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी स्वतःच हे सांगितले. झोंबणारा शब्द कोणीतरी तोंडावर उच्चारल्यामुळे विचार पुढे सरकला, तो असा.

मग आमच्याकडे तो शब्द इतकी वर्षे का उच्चारला गेला नाही? आदिवासी अबोल असतो, लाजाळू असतो, असे बंदरपट्टीतली भली माणसेही सांगतात. हे मला कधी पटले नाही. तारपा वाजू लागला की रात्रभर नाचणारी, लग्नात धवलेरीच्या गाण्यांना साथ देणारी ही माणसे अबोल कशी? ती आपल्यापुढे अबोल होतात, आणि त्याला कारण आहे.

त्या कारणाचे नाव वेठ. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की वारली त्याचा 'लग्नगडी' होई. ते थोडे पैसे जन्मभर फिटत नसत आणि त्याची बायकोही त्याच्याबरोबर राबे. ज्याच्या हाती आपली भाकरी आणि आपली पाठ, त्याच्यापुढे खरे बोलायचे कसे? तिथे "होय" हा एकच शब्द उपयोगाचा. गोदावरी परुळेकर १९४५ साली या भागात आल्या त्या पुण्याकडच्या सुशिक्षित घरातून, कायद्याची पदवी घेऊन. वारल्यांना त्यांच्यावर विश्वास ठेवायचे काही कारण नव्हते. त्या पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या, तिथे जे शिजे ते खाल्ले, तेव्हा कुठे लोक बोलते झाले. २३ मे १९४५ रोजी झरी गावी पाच हजारांच्या आसपास वारली जमले आणि त्यांनी ठरवले की वेठ करायची नाही, आणि दिवसाला बारा आण्यांखाली काम करायचे नाही. पिढ्यान्‌पिढ्या "होय" म्हणणाऱ्या तोंडातून प्रथमच उघडपणे "नाही" आले.

त्या "नाही"ची किंमतही लगेच मोजावी लागली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरच्या रात्री तलवाड्याला हजारो वारली जमले होते. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी आवई उठवून त्यांना तिथे बोलावण्यात आले होते. जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली निघाले, त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. बंदरपट्टीतल्या पुष्कळ कपाटांत ते मी पाहिले आहे. पण ते वाचून कोणी रूळ ओलांडून पलीकडे गेला आणि "तुझ्या आजोबांचे काय झाले?" असे विचारून आला, हे मात्र फारसे ऐकले नाही.

आता वेठ नाही. आदिवासी क्षेत्रातला सरपंच कायद्यानेच आदिवासी असतो. शिक्षक आहेत, वकील आहेत, आमदार आहेत. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रे मुंबईच्या दिवाणखान्यांत जाऊन बसली. ती चित्रे काढणाऱ्यांची लेकरे मात्र कुठे बसतात, ते मी एका शाळेत पाहिले.

शाळेचे नाव सांगत नाही. जेवणाच्या सुट्टीत तिथे दोन रांगा बसत. कोणी लेखी हुकूम काढला नव्हता. "मुले आपली आपणच बसतात" असे सांगितले जाई. पालकसभा भरली तेव्हा मागच्या बाकावरून एक वारली बाप उठला. चिकूच्या वाडीत तो कामाला होता. त्याच्या बोलीचे मराठी करून सांगते. तो मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाला, "माझ्या पोरीला तू वेगळी का बसवतेस?"

सभेत खसखस पिकली. पुढच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, "अहो, आधी बोलायला शिका. मोठ्या बाईंना 'तू' म्हणतात काय?"

तेव्हा आमच्यातली एक शिक्षिका उभी राहिली. ती स्वतः वारली, तलासरीकडची. इतकी वर्षे स्टाफरूममध्ये ती मोजकेच बोले. ती म्हणाली, "आमच्या बोलीत थोरामोठ्यांनाही 'तू'च म्हणतात, साहेब. तुम्हीही देवाला आणि आईला 'तू'च म्हणता. पण तुमच्या वाडीत साठ वर्षांचा माणूस काम करतो, त्याला तुम्ही 'ए' म्हणून हाक मारता. ते कोणत्या व्याकरणात बसते?"

हसे थांबले. गृहस्थ लाल झाले. पण उठून गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मग एक आई बोलली. "मी खरे सांगते. माझी मुलगी शाकाहारी आहे. डब्यातल्या बोंबलाचा वास तिला सोसत नाही. यात जातपात काही नाही."

वारली बाप म्हणाला, "वास येतो तर येतो म्हण. तुझी पोर खिडकीशी बसेल, माझी दाराशी बसेल. भांडण नाही. पण माझी पोर रोज डब्यात बोंबील नेत नाही. ज्या दिवशी नुसती भाकरी-चटणी असते, त्या दिवशीही ती त्याच रांगेत असते. आणि तिला 'काळी' म्हणतात. भाकरीला काय वास येतो?"

ती आई गप्प बसली. मग तिने दाराशी उभ्या असलेल्या आपल्या मुलीला जवळ बोलावले आणि साऱ्यांदेखत विचारले, "तू म्हणतेस का असे?" मुलगी खाली पाहून म्हणाली, "सगळेच म्हणतात." त्या आईने तो प्रश्न घरी नेऊन बंद दाराआड विचारला असता तर तिला कोणी नावे ठेवली नसती. चार माणसांत विचारला, याला धैर्य लागते. उद्या वाडीत आपले काम राहील की जाईल हे ठाऊक नसताना जो बोलला, त्याला तर त्याहून अधिक.

सभेनंतर सगळे गळ्यात गळे घालून घरी गेले असे नाही. हजेरीपटाच्या क्रमाने जेवायला बसायचे ठरले. एका पालकाने पुढच्या वर्षी मुलाला दुसऱ्या शाळेत घातले. तो बाप मात्र त्याच वाडीत कामाला राहिला, आणि पुढच्या सभेला तो मागच्या बाकावर बसला नाही.

यातून माझ्यापुरता निष्कर्ष मी काढला आहे. अशा बोलण्याला गोड शब्दांची गरज फार नसते. बसायला सारख्या उंचीची जागा लागते. ज्याने खरे सांगितले त्याची रोजी जाणार नाही, याची हमी लागते. आणि ज्याच्या हाती अधिक आहे त्याने ऐकताना मध्येच व्याकरण काढायचे नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर हेच तर केले. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे कळल्यावर त्यांनी मुलांना आळशी ठरवले नाही. शाळाच कुरणावर नेली, पाड्याच्या अंगणात नेली. आधी कारण विचारले, मग त्या कारणापाशी जाऊन बसल्या.

त्या वारली शिक्षिकेशी माझी खरी मैत्री त्या सभेनंतर झाली. एकदा तिने आपण होऊनच विषय काढला. म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात बोलले. पण आमच्या पाड्याबाहेर चार घरे कातकऱ्यांची आहेत. माझी आजी त्यांच्या हातचे पाणी पीत नसे. आई अजूनही त्यांना ओसरीवर घेत नाही. आम्हाला बंदरपट्टीने केले, ते आम्ही त्यांना करतो. आईला हे कसे विचारू?"

मी म्हटले, "तू सभेत विचारलेस तसेच."

"सभेत परक्यांना विचारायचे होते," ती म्हणाली. "ते सोपे होते."

त्या दिवाळीला ती घरी गेली तेव्हा तिने एका कातकरी बाईला फराळाला बोलावले आणि आपल्या आईशेजारी बसवले. आई रागावून चुलीपाशी गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती दोन पेले पाणी घेऊन. एक तिने लेकीपुढे ठेवला. दुसरा हातात धरून ती बराच वेळ दारात उभी राहिली, आणि मग त्या बाईला तिने विचारले, "तुझी पोरे शाळेत जातात का गं?"

पेला अजून तिच्याच हातात होता. पण बोलणे सुरू झाले होते.