ऑलिम्पिकमधील महिला वॉटर पोलो

वॉटर पोलो, म्हणजे प्रत्येकी सात खेळाडूंच्या दोन संघांनी खोल तलावात पोहत प्रतिस्पर्ध्याच्या जाळ्यात चेंडू टाकण्याचा खेळ, पुरुषांसाठी १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकपासूनच उपलब्ध होता. महिलांना मात्र त्यासाठी पूर्ण शंभर वर्षे वाट पाहावी लागली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिला संघांना १९८६ मध्ये माद्रिद येथे स्थान मिळाले आणि ऑस्ट्रेलिया पहिला विजेता ठरला. त्याच देशाच्या खेळाडूंनी चिकाटीने केलेल्या पाठपुराव्यामुळे २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये महिला गटाचा समावेश झाला.

तेथील अंतिम सामन्यात अखेरचे १.३ सेकंद उरले असताना इव्हेट हिगिन्स हिने केलेल्या गोलामुळे ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला ४-३ असे नमवले. त्यानंतर २००४ मध्ये इटली आणि २००८ मध्ये नेदरलँड्स विजयी झाले, तर लंडन, रिओ व टोकियो अशा सलग तीन स्पर्धांत अमेरिकेने सुवर्णपदक मिळवले. ही मालिका २०२४ मध्ये पॅरिस येथे खंडित झाली आणि ऑस्ट्रेलियाचा ११-९ असा पराभव करून स्पेनने आपले पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक पटकावले. एका शतकाच्या वंचनेनंतर अवघ्या सात स्पर्धांत पाच देश विजेते व्हावेत, यातून या खेळाची खरी ताकद स्पष्ट होते.