ब्रेकचा बूस्टर : ढकलतो कोण?

अकोटच्या उत्तरेला पोपटखेड सोडले की सातपुड्याचा घाट सुरू होतो. घाट उतरताना डिझेल वाचावे म्हणून इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देणारे चालक अजूनही भेटतात. असे दोन-तीन वेळा ब्रेक दाबले की पेडल एकाएकी दगडासारखे कडक होते. ‘ब्रेक फेल झाला’ असे मग सांगितले जाते. खरे तर ब्रेक शाबूत असतो, त्याचा मदतनीस तेवढा निघून गेलेला असतो. हा मदतनीस म्हणजे बूस्टर.

जीप किंवा मोटारीचे बॉनेट उघडल्यास चालकाच्या बाजूला, ब्रेक ऑइलच्या डबीमागे, थाळ्यासारखा गोल काळा पत्र्याचा डबा दिसतो. त्याच्या आत रबराचा पडदा असून त्यामुळे डब्याचे पुढचा आणि मागचा असे दोन कप्पे होतात. पुढच्या कप्प्यातील हवा एका नळीवाटे सतत शोषली जाते. पेट्रोल इंजिनात हे काम इंजिनच करते, कारण थ्रॉटल मिटलेला असताना त्याच्यापुढच्या नळीत दाब बराच कमी होतो. डिझेल इंजिनात सहसा असा अडसर नसल्यामुळे वेगळा पंप लागतो. पुष्कळ जीपगाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो.

पेडलवर पाय नसताना दोन्ही कप्पे आतून एकमेकांना जोडलेले असतात. दोन्हीकडे दाब सारखाच कमी असल्याने पडदा हलत नाही. पेडल दाबले की मधली झडप आधी ही वाट बंद करते आणि मग मागच्या कप्प्यात बाहेरची हवा येऊ देते. आता मागे वातावरणाचा पूर्ण दाब आणि पुढे जवळजवळ पोकळी. पडदा पुढे सरकतो व मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलतो. पाय जेथे थांबेल तेथे झडपही हवेची वाट मिटते, म्हणून मदत पायाच्या प्रमाणात मिळते. पाय उचलला की कप्पे पुन्हा जोडले जातात.

थोडा हिशेब करू. पडद्याचा व्यास २० सें.मी. धरला तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौ.सें.मी. होते. दोन कप्प्यांतील दाबाचा फरक दर चौ.सें.मी.ला ०.७ किलोग्रॅम धरला, तर एकूण जोर सुमारे २२० किलोग्रॅम येतो. तीन-चार माणसांचे वजनच म्हणा ना!

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : पडद्याला पोकळी ओढते, की हवा ढकलते? बहुतेक जण पहिले उत्तर देतात. सुई नसलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढावा आणि सोडावा. तो आत जातो, कारण बाहेरची हवा त्याला ढकलते. पोकळीला हात नसतात. म्हणूनच उंचीवर ही मदत थोडी घटते. अकोटच्या मानाने चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटरवर, हवेचा दाब साधारण ९ टक्क्यांनी कमी असतो.

हीच युक्ती रेल्वेने उलटी वापरली होती. अकोल्याहून अकोटमार्गे खंडव्याला जाणारा मीटरगेज मार्ग धूळघाटाजवळ वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडत असे. मीटरगेज गाड्यांना दीर्घकाळ निर्वाताचे ब्रेक होते. तेथे पोकळी असली की ब्रेक सुटलेला आणि नळीत हवा शिरली की लागलेला. त्यामुळे डबे तुटून मागे राहिले तरी ते आपोआप थांबत. साखळी ओढल्यावर येणारा फुसफुस आवाज नळीत शिरणाऱ्या हवेचाच. मोटारीत मात्र पोकळी गेली की मदत जाते. अशा वेळी ब्रेक लागतो, पण पायाला कितीतरी पट जोर द्यावा लागतो. हा फरक मला फार बोलका वाटतो. मोटारीच्या बूस्टरची कल्पना आल्बेर द्वांद्र या बेल्जियन अभियंत्याने मांडली.

इंजिन थांबल्यावर एकदोनदा पुरेल एवढी पोकळी नळीतील एकदिशा झडप राखून ठेवते, म्हणूनच पहिला ब्रेक हलका लागून चालकाला फसवतो. घाटात इंजिन चालू आणि गाडी खालच्या गियरमध्ये असावी. इंजिन गाडीला रोखून धरते आणि पोकळीही मिळत राहते.

तपासणी सोपी आहे आणि शाळेच्या मैदानावर, हँडब्रेक लावून, दाखवता येते. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे. मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. न गेल्यास नळी, एकदिशा झडप, पंप किंवा पडदा यांपैकी काहीतरी बिघडले आहे. दुसरी चाचणी : इंजिन मिनिटभर चालवून बंद करावे, पाच मिनिटांनी पेडल दाबावे. पहिल्या दाबाला ते खोल आणि पुढच्या दाबांना वर थांबले, तर डबा हवाबंद आहे.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात इंजिनाजवळचे रबर लवकर कडक होते, म्हणून नळीला भेगा पडल्या आहेत का, क्लिपा सैल आहेत का, हे मे महिन्यापूर्वी पाहावे. पेट्रोल गाडीत ब्रेक दाबताच इंजिनाची चाल बिघडत असेल किंवा पेडलमागे सतत फुसफुस येत असेल, तर पडदा किंवा झडप गळते आहे. ब्रेक ऑइल कमी होते पण चाकांपाशी गळती नाही, असे असल्यास मास्टर सिलिंडरचे मागचे सील पाहावे. तेथून गळलेले ऑइल बूस्टरमध्ये साचते आणि बाहेरून त्याचा थेंबही दिसत नाही.