भुलाबाईच्या अंगणातील असंबद्ध काव्य

बालांसाठी रचलेल्या सचित्र असंबद्ध काव्याची वंशावळ सहसा एडवर्ड लिअरच्या १८४६ सालच्या पुस्तकापासून सुरू होते आणि विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) व ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) या संग्रहांपाशी येऊन विसावते. परंतु बुलढाणा जिल्ह्यात, घाटावरच्या मेहकर-चिखलीपासून घाटाखालच्या मलकापूर-खामगावापर्यंत, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत जेथे जेथे भुलाबाई बसते, तेथे हा काव्यप्रकार ग्रंथांच्या फेरिस्तेची वाट न पाहता केव्हाचाच नांदत आला आहे.

येथे चित्राची जागा मातीने घेतली आहे. भिल्लवेषातील शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती म्हणजेच भुलोबा आणि भुलाबाई. कोजागरीस त्यांना ज्वारीच्या धांड्यांचे मखर होते, आणि बंद डब्यातली खिरापत ओळखण्याची चढाओढ लागण्यापूर्वी मुली जी गाणी म्हणतात, त्यांचा समोरच्या दैवतांशी संबंध पुष्कळदा बेताचाच असतो. देशावर भुलाबाईच्याच जातीच्या भोंडल्याला पाटावर हत्ती काढतात, पण गाण्यात हत्ती शोधू गेल्यास बहुधा निराशाच पदरी येते. ही गाणी या अंगणातून त्या अंगणात फिरत आली. त्यांतले वेड्याचे गाणे पाहावे: बायकोने केलेले लाडू तो चेंडू समजून खेळायला घेतो, करंज्या होड्या समजून पाण्यात सोडतो, आणि अखेरीस पलंगावर निजलेल्या बायकोला मेली समजून जाळून टाकतो! हे म्हणताना फेर क्षणभरही थांबत नाही.

लिअर पेशाने चित्रकार होता. १८७३ साली तो मुंबईस उतरला, आणि या मुलखातले शब्द कानावर पडताच त्यांचे अर्थ खुशाल झुगारून त्याने अशी कविता रचली की जीत कमरबंद हे बाईला गिळणारे श्वापद ठरते. बंगालीत सुकुमार राय यांचे ‘आबोल ताबोल’ १९२३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही दिवसांत निघाले. त्यातला बदक आणि साळिंदर यांच्या संकराने झालेला प्राणी त्यांच्याच रेखाटनावाचून अपुरा वाटतो. कवी आणि चित्रकार एकच असण्याचा हा लाभ मोठा आहे. मराठीत तो क्वचित साधतो, आणि पुष्कळ बालपुस्तकांतील चित्र कवितेने सांगितलेलेच पुन्हा सांगून, दुय्यम कारकुनासारखी नक्कल दाखल करून मोकळे होते. विंदांच्या शब्दांना स्वतःची डोळे मिटून दिसणारी चित्रे आहेत, म्हणून ते यातून निभावले.

वेड्याच्या गाण्याचे सचित्र पुस्तक कोणी काढावयास घेतले, तर शेवटचे कडवे मुलांना सोसणार नाही म्हणून गाळण्याचा मोह प्रथम संपादकालाच होईल. तो त्याने आवरावा आणि काम अशा चित्रकाराकडे सोपवावे, जो चेंडू, होडी आणि चिता या तिन्ही प्रसंगी वेड्याच्या मुद्रेवरची एक रेषाही बदलणार नाही.