तरंगंबाडीला तीन रात्री

नोकरी-व्यवसायानिमित्त चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या सहली बहुधा महाबलीपुरम, पुदुच्चेरी आणि रामेश्वर या तीन ठिकाणांभोवतीच फिरत राहतात. ही स्थळे निश्चितच पाहण्याजोगी आहेत. परंतु गावाकडून आई-वडील आलेले असावेत, मुलांना चार दिवस सुटी असावी आणि तीन पिढ्यांनी एकाच छपराखाली निवांत राहावे, अशी इच्छा असेल तर चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे पावणेतीनशे किलोमीटर अंतरावरील तरंगंबाडी या छोट्या सागरतीरीच्या गावाचा विचार अवश्य करावा. नावातील ‘तरंग’ आपल्या ओळखीचाच आहे. गाणाऱ्या लाटांचे गाव, असा या नावाचा अर्थ सांगितला जातो.

येथे जाण्यापूर्वी सर्वांत आधी विचार करावयाचा तो ऋतूचा. मराठी माणसाच्या मनात सहल म्हणजे दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी, हे समीकरण पक्के बसलेले असते. कोकण किनाऱ्याला ते शोभतेही. कोरोमंडलच्या या किनाऱ्यावर मात्र दोन्ही मुहूर्त चुकीचे ठरतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथील ईशान्य मोसमी पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. ‘गज’ वादळ 2018 च्या नोव्हेंबरमध्ये याच पट्ट्यात वेदारण्यमजवळ धडकले होते, तर 2011 मधील ‘ठाणे’ वादळ कडलूर-पुदुच्चेरी दरम्यान किनाऱ्यावर आले ते चक्क 30 डिसेंबरला. म्हणजे नाताळच्या सुटीचाही भरवसा धरू नये. मे महिन्यात ‘अग्नि नक्षत्र’ म्हणून ओळखला जाणारा कडक उन्हाचा काळ असतो आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांना तो सोसवत नाही. पोंगलच्या दिवसांत सारा तामिळनाडू प्रवासात असतो. उरतो तो जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी. प्रजासत्ताक दिनाला जोडून एक-दोन दिवसांची रजा मिळत असेल, तर याहून उत्तम योग नाही. आई-वडिलांची गावाकडून निघण्याची तिकिटे काढण्यापूर्वीच ही गोष्ट त्यांच्याशी बोलून घ्यावी, कारण ते बहुधा दिवाळीचाच हिशोब मनात धरून असतात.

प्रवासासाठी मयिलाडुतुरै हे सोयीचे रेल्वे स्थानक. तेथून गाव सुमारे तीस किलोमीटरवर आहे. एके काळी मयिलाडुतुरैहून तरंगंबाडीपर्यंत रेल्वे जात असे. 1980 च्या दशकात तो फाटा बंद झाला, तेव्हा उरलेले अंतर मोटारीनेच कापावे लागते. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होते. ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत 2020 मध्ये बंद झाली असली, तरी खालच्या शायिकेचा राखीव कोटा कायम आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील महिला यांना तो मिळतो. मात्र एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असावे लागतात. म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे. घरातील पाचही जणांचे एकत्र तिकीट काढण्याच्या हौसेपायी आजोबांना मधल्या शायिकेवर चढावे लागू नये. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांनी थांब्यांसह सहा-सात तास धरावेत आणि चिदंबरमला जेवण करावे.

खर्चाचे म्हणाल, तर वर्षभर आधी दरमहा 4,000 रुपयांची आवर्ती ठेव सुरू केल्यास हाती 48,000 रुपये मुद्दल आणि वर व्याज येते. गाव लहान असल्याने राहण्याच्या चांगल्या जागा मोजक्याच आहेत. आरक्षण करताना खोली तळमजल्यावर आहे का, जेवण तेथेच मिळेल का आणि मासळी न खाणाऱ्यांची सोय काय, हे तीन प्रश्न विचारावेतच. थोडी रोख रक्कमही जवळ बाळगावी. आमच्या कर्मचारी वाचकांनी एल.एफ.सी. घेताना आई-वडील नियमानुसार अवलंबित ठरतात की नाही, हे आधीच पाहून ठेवावे.

आता प्रत्यक्ष गाव. तंजावरचे रघुनाथ नायक यांच्याशी करार करून डॅनिश लोकांनी 1620 मध्ये येथे डान्सबोर्ग किल्ला बांधला. सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले रघुनाथ नायकांचे पत्र आजही कोपनहेगन येथे जतन केलेले आहे. पुढे तंजावरची गादी व्यंकोजीराजे भोसले यांच्याकडे आली आणि तरंगंबाडीच्या जमिनीचा वार्षिक खंड डॅनिश मंडळी मराठी राजांना देऊ लागली. तो सुमारे सव्वादोनशे वर्षांचा संसार त्यांनी 1845 मध्ये आवरला आणि येथील व बंगालमधील वसाहत मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली. किल्ला, 1792 ची वेस, 1718 चे न्यू जेरुसलेम चर्च आणि किंग स्ट्रीटवरील जुनी घरे हे सारे हाकेच्या अंतरावर आहे. दोन तास पुरतात. पण दोन तासांत पाहून पुढे पळणाऱ्यांनी येथे येऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे सूर्य समुद्रात मावळत नाही, समुद्रातून उगवतो. त्यामुळे दिवसाची आखणी उलटी करावी लागते. पहाटे साडेपाचला सर्वांनी किनाऱ्यावर असावे आणि दुपारी झोप काढावी. लाटांत शिरण्याचा मोह मात्र आवरावा. हा समुद्र खवळलेला आणि किनारा खोल आहे. 1306 साली उभारलेल्या मासिलामणिनाथ मंदिराचा बराचसा भाग याच समुद्राने गिळला. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत एकट्या त्या वेळच्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; तरंगंबाडी तेव्हा त्याच जिल्ह्यात होती. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या कोळ्यांच्या घरांतूनही माणसे गेली आहेत, याचे भान ठेवून त्यांची छायाचित्रे विचारूनच घ्यावीत.

ज्या घरात साठी, सत्तरी किंवा ऐंशी पूर्ण होत असेल, त्यांच्यासाठी सहलीचे खरे निमित्त सात-आठ किलोमीटरवर आहे. तिरुक्कडैयूरच्या अमृतघटेश्वर मंदिरात, मार्कंडेयाला वाचवण्यासाठी शंकराने प्रत्यक्ष यमाला परतवले, अशी श्रद्धा आहे. म्हणून साठाव्या, सत्तराव्या आणि ऐंशीव्या वर्षी पती-पत्नी येथे येऊन पुन्हा विवाहबद्ध होतात. गळ्यात हार घातलेली वृद्ध जोडपी आणि त्यांचे पाय धरणारी नातवंडे असे दृश्य येथे जवळजवळ रोजच दिसते. आपल्याकडे भीमरथी शांत सत्त्याहत्तर वर्षे सात महिन्यांनी करतात, येथे ती सत्तरीला होते. तेव्हा गुरुजींशी बोलताना विधीच्या नावावर न जाता वय सांगावे. विधी महिनाभर आधी ठरवावा आणि साहित्य, दक्षिणा, भोजन यांचा एकूण आकडा लेखी घ्यावा. याच मंदिरातील अभिरामी देवीच्या आख्यायिकेत एक मराठी राजा आहे. पहिले सरफोजीराजे (1712-1728) अमावास्येला दर्शनास आले असता ध्यानमग्न भट्टरांनी आज पौर्णिमा असल्याचे सांगितले आणि भक्ताचा शब्द राखण्यासाठी देवीने आपले कर्णभूषण आकाशात फेकून चंद्र उजळवला, अशी ती कथा. सहस्रचंद्रदर्शनासाठी आलेल्या आजीला ही गोष्ट तेथेच सांगावी.

तिसऱ्या दिवशी हौस असेल तर नागोरच्या दर्ग्यापर्यंत जावे. तेथील सुमारे 131 फूट उंचीचा मनोरा तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी बांधून दिला आहे. आजी-आजोबा थकले असतील, तर खुशाल गावातच राहावे.

परतीचा रस्ता मात्र तंजावरवरून धरावा. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. मुलांसाठी सांगण्यासारखे एक म्हणजे, दुसऱ्या सरफोजीराजांना घडवणारे श्वार्ट्झ हे मिशनरी 1750 मध्ये प्रथम तरंगंबाडीलाच उतरले होते. तेथे झीगेनबाल्ग यांच्या प्रयत्नांनी त्याआधीच तमिळ पुस्तके छापली जात होती. पुढे सरफोजींनी तंजावरात स्वतःचा छापखाना काढला आणि 1806 मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसापच्या कथा मराठीत छापून घेतल्या. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनीच 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. लेख प्रदीर्घ आहे आणि अक्षरे जुन्या वळणाची. आजोबांचा चष्मा मोटारीत विसरू नये. चेन्नईची रात्रीची गाडी पकडावयाची असल्यास मंदिरात दुपारी चारच्या सुमारास पोहोचावे. तोवर फरशीही अनवाणी चालण्याइतपत निवलेली असते.